गुडघे आक्काचे, हौस सगळ्यांची

॥ श्रीनृसिंह प्रसन्न ॥

पोखर्णी,
५ जानेवारी २०२५

चि. बन्सीधर यास,

आक्काचा अनेक आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल. तुझी आन मनिषाची खुशाली चार ओळींत का होईना, कळवीत जा.

फोन ठिवून कागद का काढला म्हणशील. या घरात फोन आला की राजेश्री तो मोठ्या आवाजावर लावती. सुनेचा हेतू चांगला हाय, मला कमी ऐकू येतं म्हणून. पण मग माझं बोलणं अख्खी गल्ली ऐकती आन मधीमधी सल्लाबी देती. पत्रात कुणाला तोंड घालता येत न्हाई.

माझ्या गुडघ्यांचं तुला ठाऊकच हाय. उठताना असे वाजतात की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघती. आता थोरल्या परमेश्वरनं ठरवलंय, दोन्ही वाट्या बदलायच्या, आन त्याबी एकदाच. परभणीत नव्या काचांचा एक दवाखाना झालाय, तिथं. एकदाच का, तर चैत्री पुनवेला माझं सहस्रचंद्रदर्शन करायलेत. पटांगणात मंडप, माझी गुळानं तुला, आन आईनं आपल्या पायांनी चालत स्टेजवर चढायचं. तुझ्या भाच्याला जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे, आन तिकिटाला म्हणं आईचे गुडघे लागतात. धाकट्या हरिओमला पुण्याहून सुट्टी एकदाच मिळती, म्हणून गुडघेबी एकदाच.

हरिओमला म्हणलं, बाबा, या वयात चिरफाड, भ्या वाटतं. तर म्हणला, आई, रिस्क रस्त्यानं चालण्यातबी असती. मी म्हणलं, रस्त्यानं चालता येत असतं तर तुझा फोन घ्यायला घरात कशाला घावले असते?

डॉक्टरनं मला काही विचारलं न्हाई. त्यानं परमेश्वरला विचारलं, परमेश्वरनं हरिओमला फोन लावला, हरिओमनं मोबाइलमधी बघितलं. मधी मी बसलेली, इस्त्रीला दिलेल्या लुगड्यासारखी.

मला काय पाहिजे ते फक्त तुला सांगते. लक्ष्मीबाईच्या घरापर्यंत जायचंय. आपल्या रानात माझ्या जोडीनं जन्मभर कापूस वेचला ती. विहाराच्या मागं राहती, तीन गल्ल्या. तिला डोळ्यानं दिसंना म्हणून ती येत न्हाई, मला चालता येईना म्हणून मी जात न्हाई. परमेश्वर म्हणतो, गाडीनं सोडतो. तीन गल्ल्यांना ती पांढरी गाडी, आन पुढं त्याचा तो कार्यकर्ता मुंजाजी मोबाइल धरून फोटोला. लक्ष्मीबाईच्या दारात मला परमेश्वरच्या फोटोसाठी जायचं न्हाई.

तुला काय वाटतं ते लिही. लोभ हाय तसाच ठिव, फार वाढवू नको, सांभाळावा लागतो.

तुझी,
आक्का

&nbsp;

सेलू,
९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,

बन्सीधरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. तुझं पत्र पोचलं. मनिषा बरी आहे. मी शाळेत दहावीला मराठी शिकवतो आहे आणि दहावी मला सहन करते आहे. एकूण खुशाल.

तुझ्या चिरंजीवांचा बेत वाचून मला आनंद झाला नाही, आणि आश्चर्य तर मुळीच वाटलं नाही. परमेश्वरला लहानपणापासून दुसऱ्याच्या खांद्यावर चढून पोळ्याचे बैल पाहायची सवय. आता खांदे संपले, म्हणून आईच्या गुडघ्यांवर आला. हरिओमचं वेगळं. तो आईवर प्रेम करतो, पण रजा शिल्लक असेल तितकंच.

आता नीट ऐक. मनिषाचे चंद्रभानमामा तुला आठवतात, चौऱ्याऐंशीचे, माझ्या लग्नाच्या पंगतीत जिलेबीवरून भांडले होते ते. त्यांच्या मुलांनीही दोन्ही गुडघे एका दमात बदलून घेतले. दोनदा त्रास नको, हा मुलांचा विचार. कुणाला त्रास, ते अध्याहृत. ऑपरेशन झालं आणि मामा आठ दिवस कुणाला ओळखेनात. रझाकार आले म्हणून खाटेखाली जायला बघायचे, आणि मुलं म्हणायची, बाबा गंमत करायलेत. मग पायात रक्ताची गाठ झाली, ती छातीत गेली, आणि मामाही गेले. डॉक्टर आजही सांगतात की ऑपरेशन यशस्वी झालं होतं. खोटं नाही. अस्थी वेचायला गेलो तेव्हा दोन्ही वाट्या राखेत चकचकीत पडलेल्या मी स्वतः पाहिल्या. मामांच्या सबंध देहात तेवढंच काय ते सुस्थितीत होतं.

गंमत म्हणजे मामांना पहिल्या दिवशी ऑपरेशनच्या दारातून परत आणलं होतं. नर्सची नजर चुकवून त्यांनी चहात बुडवून बिस्कीट खाल्लं होतं, आणि पोटात अन्न असलं की भूल देत नाहीत. त्या एका बिस्किटानं त्या माणसाला दोन दिवसांचं आयुष्य जास्त दिलं. मुलांना एवढंही जमलं नव्हतं.

तेव्हा हे ऑपरेशन होणार नाही. मी परमेश्वरला आजच लिहितो. तू काळजी करू नकोस आणि कशाला हो म्हणू नकोस. बाकी मी बघतो.

मायेचा हात डोक्यावर असू द्यावा, हे मागणे.

तुझा,
बन्सीधर

&nbsp;

सेलू,
९ जानेवारी २०२५

चि. परमेश्वर यास,

मामाचा आशीर्वाद. तुझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन करतोस हे ऐकलं. आईनं हजार चंद्र तुझ्या मदतीशिवाय पाहिले आहेत. पुढचे पाहू द्यायचे की नाहीत, एवढाच प्रश्न आता तुझ्या हातात आहे.

ऐंशी वर्षांच्या बाईचे दोन्ही गुडघे एका दिवसात उघडणं म्हणजे मोटारसायकलचे टायर बदलणं नव्हे. तिचं हृदय कोणी तपासलं? मूत्रपिंडं? साखर? की दवाखान्याच्या काचा पाहूनच तुझी खात्री पटली? स्टेजची उंचीच अडचणीची असेल तर स्टेज कापावं, आई कापू नये. सुतार स्वस्तात येतो आणि त्याला भुलीची गरज लागत नाही.

आक्काला ऑपरेशन नको आहे. माझ्याकडून हे लेखी समजावं.

घरातील लहानथोरांस यथायोग्य.

तुझा मामा,
बन्सीधर

&nbsp;

परमेश्वर दत्तराव
(भावी सदस्य, जिल्हा परिषद)
जनसंपर्क कार्यालय, पोखर्णी

१५ जानेवारी २०२५

आदरणीय बन्सीधर मामा यांना,

सप्रेम जय हरी. आपले पत्र मिळाले. आपल्यासारख्या वडीलधाऱ्या मार्गदर्शकांचे विचार आमच्यासाठी नेहमीच शिरोधार्य असतात. तथापि काळ बदललेला आहे. आज तंत्रज्ञान पुढे गेलेले असून रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागतो, याचे व्हिडिओ आम्ही पाहिलेले आहेत.

आईच्या आवश्यक त्या सर्व तपासण्या झालेल्या आहेत. डॉक्टरसाहेबांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मी स्वतः दिलेले आहे. दम लागतो का? नाही. चक्कर येते का? नाही. पायावर सूज? नाही. आम्ही दोघे भाऊ असताना आईला कसलाही त्रास होऊ दिलेला नाही, हे आपण जाणताच. परक्या माणसापुढे आपल्या आईचे दुखणे उगाळत बसणे हे आपल्या घराण्याच्या रीतीत बसत नाही.

पंचांग पाहून दि. २७ जानेवारीचा योग काढलेला आहे. स्टेजबाबत आपली सूचना नोंद करून घेतली. आईला ऑपरेशन नको असल्याचे तिने आम्हाला सांगितलेले नाही. ती काहीतरी बोलत असते, पण वयोमानाने भीती वाटणे साहजिक आहे.

चैत्री पौर्णिमेस सहकुटुंब अगत्याने यावे. आपले दोन शब्द ठेवलेले आहेत. दोनच.

आपला भाचा,
परमेश्वर

&nbsp;

॥ श्रीनृसिंह प्रसन्न ॥

पोखर्णी,
३० जानेवारी २०२५

चि. बन्सीधर यास,

आक्काचा आशीर्वाद. मी घरी हाय. दोन्ही गुडघे जुनेच हायत. आता सावकाश वाच.

सत्तावीसला ऑपरेशन म्हणून आदल्या दिवशीच मला नेऊन भरती केलं. कागदावर सही पाहिजे म्हणून एक पोरगा आला तो शाईचा डबाच घेऊन आला. मी पेन मागायच्या आत परमेश्वरनं माझा अंगठा धरून टेकवला. सातवी पास झालेल्या बाईचा अंगठा! तुझ्या बारशाच्या चिठ्ठ्या या हातानं लिहिल्या होत्या.

नर्सनं बजावून सांगितलं, रातच्या जेवणानंतर काही खायचं न्हाई. बरं म्हणलं. सकाळी परमेश्वरची माणसं आली, सगळी पांढऱ्या कपड्यात, जणू मी आधीच गेले. मुंजाजी गावातून देवाचा प्रसाद घेऊन आला. केळी घातलेला, साजूक तुपातला शिरा, डबा भरून. राजेश्री म्हणली, कपाळाला लावून ठिवू, आत्याबाई नंतर खातील. तिच्या अंगात तेवढी अक्कल हाय, पण या घरात अकलेला मत न्हाई. मुंजाजी म्हणला, वैनी, नरसिंहाच्या प्रसादाला न्हाई म्हणायचं नसतं, देवापरीस डॉक्टर मोठा हाय व्हय? परमेश्वरबी म्हणला, प्रसाद म्हणजे काय जेवण हाय का, घे आई घासभर. आन चमच्यानं एवढासा दिला. मी म्हणलं, देवाचा हात एवढा आखडता नसतो रे. डबा ओढला आन दोन वाट्या खाल्ल्या.

नर्स आली. आजींनी काही खाल्लं का? परमेश्वर म्हणला, काहीच न्हाई. मुंजाजीनं डब्याचं झाकण लावलं. माझ्या तोंडाला वेलदोड्याचा वास, आन सगळे देवभक्त भिंतीकडं बघायलेत. प्रसाद हे खाणं न्हाई, मग प्रसाद लपवणं हे खोटं न्हाई, असा त्यांचा हिशेब.

मग भूल देणारी डॉक्टरीण आली. राजनंदिनी नाव तिचं, तिशीची पोरगी. तिनं पहिलं काम काय केलं असंल? सगळ्यांना बाहेर काढलं. परमेश्वर म्हणला, मी मुलगा हाय. ती म्हणली, मला आजींशी बोलायचंय. बन्सीधर, त्या काचांच्या दवाखान्यात मला 'आजी' म्हणून माझ्या तोंडाकडं बघत बोललेली ती पहिली. तिनं विचारलं, सकाळपास्नं पोटात काही गेलंय का. मी म्हणलं, शिरा. दोन वाट्या. तूप झकास होतं.

ती रागावली न्हाई. एवढंच म्हणली की पोट भरलेलं असताना भूल दिली आन ते उलटून छातीत गेलं, तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो. मग पुढचं विचारलं. दम लागतो का? म्हणलं, लागतो, न्हाणीपस्तोर जाऊन आलं तरी. पाय सुजतात? सांजच्याला सुजतात. हे आधी का न्हाई सांगितलं आजी? म्हणलं, बाई, विचारणाराला उत्तर द्यायला आमच्यात मोठा मुलगा असतो. तिनं नळी लावून लय वेळ ऐकलं. म्हणली, काळजाच्या एका झडपेचा आवाज बरा न्हाई. आज काही करायचं न्हाई.

हाडाचा डॉक्टर परमेश्वरवर ओरडला. परमेश्वर मुंजाजीवर ओरडला. मुंजाजीला देवावर ओरडता येईना, म्हणून तो डबा धुवायला गेला.

आता तुला वाटत असंल, म्हातारी भुकेनं चुकली. चंद्रभानमामाचं बिस्कीट कुणी लिहिलं होतं मला? मी तीनदा न्हाई म्हणले. एकदा परमेश्वरला, एकदा हरिओमला, एकदा त्या हाडाच्या डॉक्टरला. कुणाच्या कानावर गेलं न्हाई. शिरा खाल्ला तेव्हा सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं. मला भूल देऊ दिली नसतीच मी, ती पोरगी आली नसती तर टेबलावर चढायच्या आधी ओरडून सांगणार होते.

माया राहू दे.

तुझी,
आक्का

&nbsp;

सेलू,
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,

बन्सीधरचे कोटी कोटी दंडवत, वि. वि. पत्र तीनदा वाचलं, एकदा मोठ्यानं मनिषाला, दोनदा स्वतःला. ज्या घरात तोंड उघडून उपयोग नाही तिथं तोंड भरून उपयोग होतो, हा सिद्धांत वैद्यकशास्त्रात तुझ्या नावानं नोंदवला पाहिजे.

त्या मुंजाजीचं देवळात कीर्तन ठेवा. भाच्याचा चेहरा मी डोळ्यापुढं आणला आणि दोन दिवस जेवण गोड लागलं. माझ्या एका चार ओळींच्या दाखल्यानं काचांचा दवाखाना, पुण्याची रजा, पंचांग आणि भावी सदस्यत्व, सगळं शिऱ्यात बुडालं. आपण जिंकलो, आक्का. परमेश्वरला मी आज एक पत्र टाकलं आहे. त्यात फक्त शिऱ्याची कृती लिहिली आहे.

आता हा विषय कायमचा बंद. ऑपरेशन नाही म्हणजे नाही. छातीत झडप तशी असताना विचारसुद्धा करू नकोस. एक चांगली खुर्ची घे, पाय वर ठेव, देवाचं नाव घे. या वयात चालून तरी कुठं जायचं आहे?

कृपा असावी, ती वाढवलीस तरी माझी हरकत नाही.

तुझा विजयी,
बन्सीधर

&nbsp;

॥ श्रीनृसिंह प्रसन्न ॥

पोखर्णी,
२ मार्च २०२५

चि. बन्सीधर यास,

आशीर्वाद. उत्तराला उशीर केला, कारण राग निवायला तेवढे दिवस लागले. पुरता निवला न्हाईच.

'या वयात चालून कुठं जायचं आहे.' हे तू लिहिलंस. मी कुठं जायचंय ते पहिल्याच पत्रात तुला सांगितलं होतं, आन फक्त तुलाच. परमेश्वरनं माझं ऐकलं न्हाई, तो मंडपाच्या मापात होता. तू तर वाचूनसुद्धा न्हाई वाचलंस. हाडाचा डॉक्टर निदान मला चालवायला निघाला होता. तू खुर्चीतच पुरायला निघालास.

त्या पोरांनी माझ्या वतीनं हो म्हणलं. तू माझ्या वतीनं न्हाई म्हणलास, मी पत्रात विचारलं होतं फक्त 'तुला काय वाटतं'. परमेश्वरला स्टेज पाहिजे, तुला परमेश्वरची फजिती पाहिजे. माझ्या गुडघ्यांवर तुमची दोघांचीबी चांगली बसायची सोय झालीय. आन 'आपण जिंकलो'? शिरा मी खाल्ला.

राजेश्रीला घेऊन मी त्या राजनंदिनी डॉक्टरकडं पुन्हा गेले. परमेश्वरला सांगितलं, तू घरी बस. तिनं छातीची सोनोग्राफी करायला पाठवलं, संभाजीनगरच्या हृदयाच्या डॉक्टरचंबी मत घेतलं. झडप आवळलीय, पण फार न्हाई. साखर मात्र वाढलेली. तिनं मला समोर बसवून सगळं सांगितलं, आन कळलं न्हाई की मी पुन्हा विचारायचे. दोन्ही एकदम माझ्या काळजाला झेपायचे न्हाईत. एक करता येईल, तेबी साखर खाली आल्यावर, जिथं हृदयाचा डॉक्टर आन अतिदक्षता विभाग असंल तिथं. तरी धोका राहतो. माझ्यासारख्या शंभर बायांतल्या दोघी-तिघी घरी येत न्हाईत. त्याहून जास्त जणी येतात, पण काही दिवस भ्रमात राहतात, आन एखादीचा भ्रम पुरता जात न्हाई. काहींचं सगळं नीट होऊनबी दुखतंच. न्हाई केलं तर? म्हणली, मरायच्या न्हाई तुमी, पण चालणं कमी होत जाईल, पडायची भीती वाढत जाईल, आन एक दिवस खाटंलाच खिळाल.

आन अजून एक. वाटी बदलली की पुन्हा खाली मांडी घालून बसायचं न्हाई. पंगतीला न्हाई, भजनाला न्हाई, चुलीपाशी न्हाई. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परमेश्वर तर तुलेनंतर मला पाटावर बसवून ओवाळणार होता, पत्रिकेत तसं छापलंय. ज्या पाटासाठी गुडघे बदलायचे, त्या पाटावर बदललेले गुडघे बसत न्हाईत. एवढे हुशार लोक जमले, आन एकानंबी विचारलं न्हाई.

मी चार दिवस विचार केला. एक गुडघा करणार, उजवा. पाऊस लागल्यावर, म्हणजे साखरंला वेळ मिळंल आन परमेश्वरच्या मंडपाचा संबंध राहायचा न्हाई. भ्या वाटतं. लय वाटतं. पण खुर्चीचं त्याहून जास्त वाटतं.

तू येणार असलास तर ये. शहाणपण सेलूलाच ठिवून ये.

आक्का

&nbsp;

सेलू,
१४ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,

नमस्कार, वि. वि. तुझ्या मार्चच्या पत्राला उत्तर लिहायला पाच वेळा बसलो. दरवेळी पहिल्या ओळीतच मला काहीतरी चमकदार सुचायचं, आणि मी कागद फाडायचो. तुझं म्हणणं खरं आहे. एवढंच लिहितो.

परवा सोहळ्याला तुला स्टेजखाली, पहिल्या रांगेत खुर्चीवर पाहिलं. स्टेजवर अकरा माणसं तुझ्या आयुष्याबद्दल बोलली आणि एकानंही खाली बघितलं नाही. तुझ्या जागी तराजूत गूळच दोन्हीकडं ठेवला, हे मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. माझे दोन शब्द मागितले तेव्हा मी 'आक्का, बरी?' एवढेच बोललो. दोनच ठेवले होते.

जूनमध्ये मी येतो. रजा काढली आहे. किती दिवसांची, ते शाळेला सांगितलेलं नाही.

तुझा,
बन्सीधर

&nbsp;

छत्रपती संभाजीनगर,
२७ जून २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,

नमस्कार. हे पत्र तुझ्या खाटेपासून चार हातांवर बसून लिहितो आहे. तू जागी आहेस, पण तू अजून आलेली नाहीस. म्हणून लिहून ठेवतो. आलीस की वाच.

सोमवारी ऑपरेशन झालं. भूल कमरेतून दिली. हृदयानं साथ दिली, लघवी दोन दिवस कमी होती म्हणून डॉक्टर काळजीत होते, आता सुधारली. मंगळवार संध्याकाळपासून तुझा भ्रम सुरू झाला. राजनंदिनी डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, म्हणून तू गंमत करायलीस असं आम्ही समजलो नाही. राजेश्रीनं तुझा चष्मा आणि कानातलं यंत्र तुला घालून ठेवलं, ती आणि मी आळीपाळीनं बसतो, दिवस कोणता ते सांगतो. हेच औषध आहे म्हणतात.

तू हाडाच्या मोठ्या डॉक्टरला बैलबाजारातला दलाल समजलीस आणि दात बघू दे म्हणालीस. त्यांनी दाखवले. हरिओम पुण्याहून आला, त्याला तू ओळखलं नाहीस, तो बाहेर जाऊन रडला. मला ते बघून त्याच्यावर काही लिहायला सुचलं नाही. परमेश्वर खाटेच्या पायथ्याशी उभा असतो. कुणाचाही फोन घेत नाही.

मला तू अण्णा समजतेस. आपल्या वडिलांसारखा मी आता दिसायला लागलो असेन. काल तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, अण्णा, पोखर्णीला मला द्यायचं ठरवलंत ते बरंय, माणसं चांगली हायत. पण मला एकदा विचारायचं होतंत. मी न्हाई म्हणले नसते.

परमेश्वर तिथंच होता. त्यानं ऐकलं.

अण्णांच्या वतीनं मी म्हणालो, चुकलंच. तू म्हणालीस, बरं, आणि झोपलीस.

आक्का, लवकर ये. मला कुणाची टिंगल करावीशी वाटत नाही, आणि ही अवस्था तुझ्या आजारापेक्षा भयंकर आहे.

तुझा,
बन्सीधर

&nbsp;

॥ श्रीनृसिंह प्रसन्न ॥

पोखर्णी,
१९ ऑगस्ट २०२५

चि. बन्सीधर यास,

आक्काचा आशीर्वाद. अक्षर वाकडं येतंय, पण माझंच हाय. तुझं दवाखान्यातलं पत्र राजेश्रीनं उशीखाली ठिवलं होतं. मी काय काय बोलले ते मला आठवत न्हाई. बैलाच्या दलालाचं मात्र पटलं, तो तसाच दिसतो.

खरं सांगू, गुडघा बदलणं सोपं न्हाई. पहिला महिना रोज वाटायचं, चूक केली. व्यायाम शिकवायला येणारा पोरगा पाय वाकवायचा तेव्हा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला मी. डावा गुडघा आता उजव्याचा हेवा करतो, म्हणून जास्त दुखतो. भजनाला बायका खाली आन मी एकटी खुर्चीवर, पाटलिणीसारखी. ते लागतं जिवाला. लागायचंच. पण न्हाणीला कुणाचा हात धरावा लागत न्हाई.

लक्ष्मीबाईपस्तोर अजून पोचले न्हाई. वॉकर धरून दुसऱ्या गल्लीपर्यंत जाते, तिथल्या ओट्यावर दम खाते, परत येते. तिनं निरोप पाठवलाय की घाई करू नको, मी काय आंधळी कुठं पळून चाललेय.

परमेश्वरच्या तिकिटाचं अजून काही न्हाई. त्यावर तुला लिहायचं असंल तर लिही, तुझी तब्येत सुधारल्याची ती खूण समजीन.

परवा तो माझ्या खाटंपाशी आला. मुंजाजी न्हाई, फोन न्हाई. उभाच राहिला. मग म्हणला, डाव्या गुडघ्याचं काय करायचं? मी म्हणलं, डॉक्टरला विचार. तर म्हणला, न्हाई, तुला विचारायलोय. आन बसला, खाली, फरशीवर.

मी लगेच उत्तर दिलं न्हाई. लय वर्षांनी कुणीतरी माझ्या उत्तराची वाट बघत होतं. थोडी बघू दिली.

तुझी,
आक्का